पुराव्यातलं गाढव

आमच्या ह्यांना गावात सगळे मेजर म्हणतात. खरं तर ते हवालदार म्हणून निवृत्त झाले. पण वडवणीच्या आसपास फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो आणि तोही कधी कुणाला दुरुस्त करत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे रामायण घडलं ते असल्याच चांगुलपणातून घडलं. लोकांनी आमचं भलं करायचं ठरवलं, आणि भलं करायला निघालेल्या माणसाला आवरणं ब्रह्मदेवालाही जमत नाही.

मी दिपाली, त्यांची बायको. त्यांचं नाव शहादेव. एकोणिसाव्या वर्षी भरती झाले, सतरा वर्षं नोकरी केली. २०१४ च्या जानेवारीत बर्फातल्या एका चौकीवर गस्तीहून परत येताना पाठीवर वायरलेसची बॅटरी होती, पाय घसरला आणि उजवा गुडघा फिरला. हवा खराब म्हणून चार दिवस हेलिकॉप्टर आलं नाही. चार दिवस हा माणूस गुडघ्याला मफलर आवळून पहारा देत राहिला, आणि पडल्याचा रीतसर कागद करायचा असतो हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. पुढं ऑपरेशन झालं, उरलेली नोकरी स्टोअरमध्ये बसून झाली. २०२० साली घरी येताना डॉक्टरांच्या मंडळानं कागद हातात दिला. अपंगत्व तीस टक्के, कायमचं. आणि त्याखाली एक ओळ होती, की हे अपंगत्व लष्करी सेवेमुळे झालेलं नाही आणि सेवेमुळे वाढलेलंही नाही.

ती ओळ म्हणजे आमच्या घरात आलेली सवत. सकाळच्या चहाबरोबर हे ती वाचायचे, दुपारी झोपायच्या आधी वाचायचे.

"मंग कशानं झालं म्हन्तो मी?" कागद हातात धरून मलाच विचारायचे. "सासुरवाडीला जाऊन मोडला का गुडघा?"

त्या ओळीपायी अपंगत्वाची पेन्शन नाकारली गेली होती, पण ह्यांना टोचत होतं ते वेगळंच. त्या ओळीनं ह्यांना खोटं पाडलं होतं. ते चार दिवस झालेच नाहीत, असं ती ओळ म्हणत होती. ती बदलून घ्यायची, एवढंच त्यांना हवं होतं.

म्हणून अपील करायचं ठरलं. बीडला माजी सैनिकांच्या कचेरीतल्या भल्या माणसानं मजकूर सांगितला, ह्यांनी स्वच्छ अक्षरात दीड पानाचा अर्ज लिहिला, आणि इथंच आमच्या कथेत त्रिंबकभाऊंचा प्रवेश झाला.

त्रिंबकभाऊ म्हणजे गावातल्या अर्जांचा बाप. निराधार, अपंग, विधवा, घरकुल, कुठलीही योजना असो, अर्ज त्यांच्याच हातचा. पैसे घेत नाहीत, फक्त चहा घेतात, पण बशीत ओतून आणि दोनदा. त्यांचा एकच सिद्धांत आहे, की सरकारला दया यायला पाहिजे, आणि दुःख जितकं जुनं तितकी दया जास्त. त्या दिवशी ते वडवणीला बाजाराला निघाले होते, म्हणून ह्यांनी पाकीट त्यांच्याकडं दिलं. रजिस्टर करून टाका म्हणाले.

त्रिंबकभाऊंनी एसटीत बसल्याबसल्या पाकीट उघडलं आणि अर्ज वाचला. वाचून त्यांना वाईट वाटलं. 'गस्तीवरून परतताना पाय घसरला.' हा काय अर्ज झाला? ह्याला कोण दया दाखवणार? ते वडवणीत उतरले ते पोस्टात न जाता उलट्या गाडीनं गावात आले, दोन दिवस घरोघर फिरले आणि ग्रामपंचायतीचा एक दाखला तयार केला. 'सदर इसम शहादेव हे लहानपणापासून पायाने अधू असून अत्यंत हलाखीत जीवन कंठीत आहेत.' खाली सत्तावीस सह्या आणि अंगठे. तो दाखला पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं आणि रजिस्टर केलं. आम्हाला काही बोलले नाहीत. गुप्तदान!

अकरा महिन्यांनी उत्तर आलं. अपील फेटाळलं. कारण, 'अर्जदाराने स्वतः जोडलेल्या दाखल्यानुसार सदर व्याधी बालपणापासूनची असून ती भरतीच्या वेळी लपवून ठेवण्यात आली.'

ह्यांनी तो कागद दोनदा वाचला. एका ओळीच्या दोन ओळी झाल्या होत्या. आधी नुसते खोटे होते, आता लबाडही झाले.

"दाखला?" ते म्हणाले. "कोनता दाखला?"

तेवढ्यात त्रिंबकभाऊ दारातून हसत आत आले. पोस्टमननं मोठं पाकीट आणलंय हे त्यांना कळलं होतं, पेढे मिळतील म्हणून आले होते. "मेजर, आता सांगतो," ते म्हणाले, "तुमच्यासाठी सत्तावीस अंगठे गोळा केलेत मी. केदारनाथ मास्तर सही देत नव्हता, त्याला बी वळवला."

हे काठी घेऊन उठेपर्यंत त्रिंबकभाऊ अंगणाबाहेर होते. ह्यांना पळता येत नाही. मला येतं. हातात पीठ लागलेला उलथणा होता तसाच घेऊन मी मारुतीच्या पारापर्यंत त्यांच्यामागं धावले. पासष्टीचा माणूस, पण असा पळाला की त्यालाच फौजेत घ्यायला हवं होतं. पाराला दोन फेऱ्या झाल्यावर आम्ही दोघंही दम खात उभे राहिलो. भाऊंच्या डोळ्यांत पाणी होतं.

"वैनी, म्या सगळ्यांनाच लहानपणापासून लिवतो," ते म्हणाले. "आजवर कुनाचं बिघडलं न्हाई."

उलथणा खाली घेतला मी.

आता एकच दार उरलं होतं, सैनिकांचं न्यायाधिकरण. तिथं एक निवृत्त न्यायाधीश आणि एक निवृत्त लष्करी अधिकारी बसतात. बीडच्या ॲडव्होकेट प्रणिता अशा केसेस चालवतात म्हणून कळलं, तिथं गेलो. चष्मा डोक्यावर ढकलून त्यांनी सगळे कागद वाचले. दाखल्याशी आल्यावर खोकल्यासारखं करून हसू गिळलं.

"कायदा तुमच्या बाजूनं आहे," त्या म्हणाल्या. "भरतीच्या वेळी माणूस धडधाकट होता आणि नोकरीत असताना बिघाड झाला, तर तो नोकरीमुळंच झाला असं धरून चालायचं. उलटं सिद्ध करणं हे सरकारचं काम. पण तुम्हीच त्यांच्या हातात हा दाखला दिलाय. आता आपल्याला दाखवावं लागेल की अपघाताच्या आधी हा गुडघा शाबूत होता. कागदावर नको, कागदाला ते कागदच दाखवतील. डोळ्यांना दिसेल असं काही आहे? पळताना, उडी मारताना? तारखेसकट?"

मी तोंड उघडलं. ह्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी ते मिटलं.

"न्हाई," हे म्हणाले. "असलं काई न्हाई."

होतं. चांगलं दोन तासांचं होतं.

त्यासाठी माझ्या माहेरची रीत सांगायला हवी. माझं माहेर युसूफ वडगावच्या पलीकडं. तिथं धुळवडीला गावातल्या एका जावयाला धरून गाढवावर बसवतात, गळ्यात चपलांचा हार घालतात, रंगानं माखवतात आणि हलगी लावून गावभर मिरवतात. शेवटी मारुतीच्या देवळापुढं उतरवून नवे कपडे करतात. मान आहे तो. पण कुठल्याच जावयाला हा मान नको असतो, म्हणून होळीच्या आठवडाभर आधीपासून गावातले आणि गावाबाहेरचे झाडून सगळे जावई फरार होतात. कुणाचा फोन बंद, कुणाला अचानक तिरुपतीला जायचं असतं. आणि गाव त्यांना शोधत फिरतं.

२०१३ च्या धुळवडीला आमच्या लग्नाला वर्ष होत आलं होतं. हे रजेवर आले होते. माझे वडील बद्रीनाथ, त्यांना सगळे आबा म्हणतात, त्यांनी फोन केला. छातीत कळ येतीय, जावयाचं तोंड बघून डोळे मिटीन म्हणाले. हे मोटरसायकलवर चाळीस किलोमीटर सुसाट आले. अंगणात पाऊल टाकलं तर आबा धोतर खोचून उभे, मागं चाळीस माणसं.

हे पळाले. आणि असे पळाले की आजही तिथं त्याची गोष्ट सांगतात. ज्वारीच्या रानातून, ओढ्यातून, शाळेच्या भिंतीवरून. आमच्या विहिरीचा काठ उडी मारून ओलांडला. दीड तास चाळीस माणसं मागं आणि एकटा फौजी पुढं. युसूफ वडगावच्या मन्मथअप्पांचा फोटो स्टुडिओ आहे, ते दर धुळवडीचं शूटिंग करतात. ते मोटरसायकलच्या मागं उलटे बसून हे सगळं टिपत होते.

ह्यांना पकडलं कुणी? कुणी नाही. पळता पळता आमच्या दारावरून गेले, तिथं माझी माय जानकीबाई तांब्या घेऊन उभी होती. "जावईबापू, पानी तर प्या," ती म्हणाली. सासू समोर आल्यावर पाया पडायचं, ही ह्यांची शिस्त. मागं चाळीस माणसं आहेत, गाढव तयार आहे, आणि हा माणूस थांबला, दोन्ही गुडघे वाकवून मायच्या पाया पडला. तिथंच सहा जण पाठीवर पडले.

त्याची सीडी मन्मथअप्पांनी आम्हाला दिली होती. पण पुढच्या साली हे गुडघ्याला पट्टा बांधून, कुबडीवर घरी आले तेव्हा सगळ्यांत आधी त्यांनी ती सीडी शोधून काढली, तिचे दोन तुकडे केले आणि विहिरीत टाकले. गाढवाची लाज वाटत असेल, असं मी समजले. कारण आपल्या गावात आणि पलटणीत त्यांनी सांगून ठेवलं होतं, की चाळीस माणसं मागं लागली पण मला धरायची कुणाची छाती झाली न्हाई.

प्रणिताताईंच्या ऑफिसातून घरी येताना मी विषय काढला.

"केस हरली तरी चालंल," हे म्हणाले. "पन ते न्हाई. आन् ते आता हाय कुठं? विहिरीत हाय."

"कावून एवढी लाज वाटती? गाढवच हुतं ना, वाघ तर नव्हता?"

"दिपा, विषय बंद."

विषय बंद म्हणजे माझ्या बाजूनं सुरू. दुसऱ्या दिवशी मायला बघून येते म्हणून निघाले आणि थेट युसूफ वडगावला मन्मथअप्पांच्या दुकानात. कपाळावर भस्माचे पट्टे, पुढ्यात भलामोठा टीव्ही, आणि समोर एक नवरामुलगा, त्याचा बाप आणि मामा खुर्च्यांवर बसून काहीतरी बघत हसून लोटपोट झालेले. मी टीव्हीकडं पाहिलं.

माझा नवरा विहिरीवरून उडी मारत होता.

उडी तीनदा दाखवली. एकदा सावकाश, एकदा त्याहून सावकाश, एकदा बदामाच्या चौकटीत. वरून गुलाबाची फुलं पडत होती.

"ये ये, दिपाली!" अप्पा उठले. "आगं हे माझं नमुन्याचं शूटिंग हाय. कुनी लग्न ठरवायला आलं की हेच लावतो. पळत्या मानसाचा क्यामेरा हालू दिला न्हाई म्हनल्यावर लग्नाचा काय हालनार? धा-अकरा वर्सं झाली, आख्ख्या तालुक्यानं बघितलं असंल. मेजर कसे हायेत?"

मी खुर्चीत बसले आणि हसता हसता मला ठसका लागला. अप्पांनी पाणी दिलं.

घरी येऊन मी ह्यांना सरळ सांगून टाकलं. ते विहिरीतल्या तुकड्यांची आठवण द्यायला लागले. मी म्हटलं, विहिरीचं सोडा, तालुक्यातली किमान पाचशे वऱ्हाडं तुम्हाला गाढवावर बसलेलं बघून गेलीत. हे खाटेवर टेकले. मग म्हणाले, "म्हनून केजला तो चहावाला दर खेपेला पैसे घेत न्हाई आन् हसतो."

शेवटी त्यांनी एक अट घातली. मायच्या पाया पडण्यापर्यंतच दाखवायचं. त्याच्यापुढं एक क्षणही नाही. प्रणिताताईंनी ती मान्य केली. शूटिंग खरं असल्याचं प्रमाणपत्र मन्मथअप्पांनी दिलं, आणि त्रिंबकभाऊंनी शपथपत्र दिलं. ते मी जपून ठेवलंय. त्यासोबत त्यांनी आजवर लिहिलेल्या अकरा दाखल्यांच्या नकला जोडल्या होत्या. अकराही माणसं लहानपणापासून अत्यंत हलाखीत जीवन कंठीत होती. त्यांतल्या एकाचा अर्ज विहिरीवर वीज जोडून मिळण्यासाठी होता.

तारखेला आम्ही जीप करून निघालो. मी, हे, त्रिंबकभाऊ, मन्मथअप्पा, आणि न बोलावता आलेले आबा. आबांनी नवा फेटा बांधला होता. "माझा जावई हाय," ते म्हणाले, "मीच धरला, मीच सोडवनार." मायनं बरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती, ती वाटेतच संपली.

न्यायाधिकरणात सगळं शांत, एसी लावलेला. वर दोघं जण बसलेले. सरकारच्या वकिलांनी आधी तो दाखला मोठ्यानं वाचला. मग प्रणिताताईंनी त्रिंबकभाऊंचं शपथपत्र आणि अकरा नकला दिल्या. न्यायाधीश एकेक नक्कल वाचत गेले, सातव्या नकलेशी त्यांनी रुमाल काढून तोंड पुसलं. त्रिंबकभाऊ मागं हात जोडून उभेच होते, त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं.

मग पडद्यावर शूटिंग लागलं. कोपऱ्यात तारीख, २७ मार्च २०१३. हे पळत होते. आणि विहिरीपाशी आल्यावर वरून गुलाबाची फुलं पडायला लागली.

प्रणिताताई वळून मन्मथअप्पांकडं बघायला लागल्या. अप्पांनी मूळ शूटिंगऐवजी नमुन्याचा पेनड्राइव्ह दिला होता. तोच त्यांच्या मते जास्त चांगला होता.

"ही फुलं कुठून आली?" सरकारी वकील उठले. "आणि अर्जदार एकाच विहिरीवरून तीनदा उडी मारतोय. हे शूटिंग बनावट आहे."

"साहेब, इफेक्ट हाय तो!" अप्पा मागून ओरडले. "फुलाचे वेगळे पैसे घेत न्हाई मी!"

मग खिशातून दुसरा पेनड्राइव्ह काढून त्यांनी शपथेवर दिला, मूळचा, फुलांशिवायचा. पुन्हा सुरुवातीपासून लावलं. ज्वारीचं रान, ओढा, शाळेची भिंत. लष्करातले साहेब पुढं झुकून बघत होते. विहिरीची उडी आली तेव्हा त्यांच्या तोंडून "शाबास!" निघून गेलं. मग माय, तांब्या, आणि हे पाया पडायला खाली बसले.

"इथं थांबवा," प्रणिताताई म्हणाल्या. "महोदय, दीड तास पळाल्यावर हे दोन्ही गुडघे पूर्ण वाकलेले आहेत. अपघाताच्या दहा महिने आधी. ह्याला लहानपणापासूनचा अधू माणूस म्हणता येईल का?"

मला वाटलं, जिंकलो. आबांनी मांडीवर थाप मारली.

पण सरकारी वकील हुशार माणूस होता. तो सावकाश उठला. "ठीक आहे. गुडघा तेव्हा चांगला होता. पण ह्यानंतर अर्जदाराच्या अंगावर सहा माणसं पडतात, त्याला गाढवावर बसवलं जातं. तो रजेवर आहे, सासुरवाडीत आहे. गुडघ्याला इजा तिथंच झाली नाही कशावरून? गाढवावरून पडला असेल."

हे पांढरेफटक पडले. गेली पाच वर्षं रोज म्हणत होते, सासुरवाडीला जाऊन मोडला का गुडघा. आता सरकार तेच म्हणत होतं.

"आमच्या गावात जावई गाढवावरून पडत न्हाई!" आबा फेटा सावरत उभे राहिले. "दोनी अंगाला चार-चार मानसं धरून असत्यात. जावई हाय तो, गोनपाट न्हाई!"

न्यायाधीशांनी आबांना खाली बसायला सांगितलं. मग विचारलं, पुढचं शूटिंग आहे का?

प्रणिताताईंनी ह्यांच्याकडं पाहिलं. मीही पाहिलं. मला वाटलं, हा माणूस आता उठून जाईल. हे काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. मग त्यांनी होय म्हणून मान हलवली.

लागलं. सहा जणांच्या खालून हे अलगद उठले. गळ्यात चपलांचा हार, तोंड गुलालानं माखलेलं, गाढवावर बसलेले. चार-चार माणसं खरोखरच दोन्ही अंगांनी धरून चालली होती. लष्करातल्या साहेबांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि ते पाणी त्यांच्याच कागदांवर सांडलं. मारुतीच्या देवळापुढं हे गाढवावरून उडी मारून उतरले. आणि हलगी वाजायला लागली.

हे मी विसरले होते. इतक्या वर्षांत पार विसरून गेले होते.

हे नाचायला लागले. चपलांचा हार काढून त्यांनी तो आबांच्या गळ्यात घातला, आबांना खांद्यावर घेतलं आणि नाचले. बसून नाचले, उठून नाचले, एका पायावर गिरक्या घेतल्या. सगळे थकून बाजूला झाले तरी हे एकटेच नाचत होते आणि तोंडभर हसत होते. वीस-बावीस मिनिटं तरी चाललं ते, आणि न्यायाधिकरणात एकानंही बंद करा म्हटलं नाही.

मी शेजारी वळून पाहिलं. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते. ह्या माणसाला नाचताना मी त्यानंतर कधी पाहिलं नव्हतं आणि इतक्या वर्षांत ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं, ह्याची मला फार लाज वाटली.

सरकारी वकिलांनी फाइल मिटली. आणखी काही म्हणायचं नाही म्हणाले.

परतताना जीपमध्ये मागं आबा आणि अप्पा भांडत होते. फुलं घालायला नको होती असं आबांचं म्हणणं होतं. त्रिंबकभाऊ मधे बसून घोरत होते. हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गाढवाची लाज नव्हती गं मला. कधीच नव्हती."

"मंग शीडी कावून मोडली?"

"ते पळनारं पोरगं बघवत न्हाई मला, दिपा."

मी त्यांचा हात धरला. पुढं ड्रायव्हर होता, मागं वडील होते, तरी धरला.

निकाल आला तो यंदाच्या होळीच्या आधी दहा दिवस. बारा पानांचा. प्रणिताताईंनी फोनवरच वाचून दाखवला. सदर अपंगत्व लष्करी सेवेमुळे झालेले आहे असे धरण्यात येते. हे ऐकून ह्यांनी फोन माझ्याकडं दिला, घरात गेले, पेटीतून जुना कागद काढला आणि चुलीत घातला. मग पुन्हा बाहेर येऊन म्हणाले, परत वाचा म्हनावं.

परत वाचताना नवव्या परिच्छेदाशी मी थांबले. 'अर्जदारास गर्दभावर बसवून मिरवण्यात आल्यानंतरही तो सुमारे वीस मिनिटे सलग नृत्य करीत असल्याचे दिसून येते.' सरकारी सही-शिक्क्यानिशी! ह्यांना निकाल चौकटीत लावून मेडलांशेजारी टांगायचा होता. मी म्हटलं, बाराच्या बारा पानं टांगू नका, शेवटचं तेवढं टांगा. दोन दिवस विचार करून ह्यांनी दोन चौकटी केल्या. एकीत शेवटचं पान, दुसरीत नववा परिच्छेद. आलेल्या पाहुण्याला ते आधी दुसरी चौकट दाखवतात.

धुळवडीच्या सकाळी आम्ही माझ्या माहेरी गेलो. ह्यांनीच जायचं काढलं. गाव नेहमीसारखं हवालदिल होतं, गाढव रंगवून तयार, हलगी तापवलेली, आणि एकही जावई सापडत नव्हता. सगळ्यात लाडका लातूरच्या बाजूला पळाल्याची खबर होती, त्याच्यामागं दोन जीप गेल्या होत्या.

हे काठी टेकत सरळ गाढवापाशी जाऊन उभे राहिले.

आबा म्हणाले, "पाव्हनं, आसं नस्तं. पळावं लागतं. आमी धरायचं आस्तं."

"पळालो की मामा," हे म्हणाले. "पळून झालंय. कोर्टात लिवलेलं हाय, पायजे तर वाचा."

माय तांब्या घेऊन आली. हे पाया पडायला वाकायला लागले तर तिनं मधेच त्यांचे दोन्ही खांदे धरले आणि वाकू दिलं नाही. स्वतःच खाली बसली, मूठभर गुलाल घेतला आणि ह्यांच्या उजव्या गुडघ्याला लावला. मग हलगी कडाडली.

चढायची वेळ आली तेव्हा ह्यांचा पाय वर जाईना. तेरा वर्षांपूर्वी ज्यांनी पाठीवर उड्या टाकल्या होत्या त्यांतलेच सहा जण पुढं आले. आता त्यांची पोटं सुटलेली, केस पिकलेले. त्यांनी ह्यांना खालून धरून उचललं.

"हळू बे!" आमचे मेजर वरून ओरडले. "सरकारी गुडघा हाय!"